मोठी मामाकडे असते

माझा नवरा एकुलता एक आहे आणि धाकटाही आहे. हे गणित लग्नाआधी मला कोणी समजावून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझ्या वडिलांनी हे स्थळ तिथल्या तिथे नाकारलं असतं.

बघण्याचा कार्यक्रम आमच्या दादरच्या घरी झाला. हेरंब, त्याची आई आणि सोबतीला म्हणून आणलेले एक लांबचे काका, एवढेच आले होते. माझ्या होणाऱ्या सासूबाई, म्हणजे नलूताई, यांनी पोह्यांची बशी हातात घेतली आणि त्या म्हणाल्या, "हा आमचा धाकटा."

वडिलांचा जन्म सरकारी कचेरीत गेलेला. चौकशी केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. "मग थोरले काय करतात?" त्यांनी विचारलं.

"थोरली. मुलगी आहे. मोठी मामाकडे असते."

"असं होय. आणि मामा कुठे असतात?"

नलूताईंनी एक बोट वर केलं. वडिलांनी समजल्यासारखी मान डोलावली. गिरगावातल्या चाळींत अख्खं गणगोत एकाच इमारतीत राहतं हे त्यांनी ऐकलेलं होतं, तेव्हा मामा वरच्या मजल्यावर राहतो असं ते समजले. हेरंब मान खाली घालून पोहे चिवडत होता. मला वाटलं, मुलगा लाजाळू आहे.

पुढे माझ्या आईने थोरल्या नणंदेसाठी मानाची साडी घेतली. त्या साडीसाठी तिने दादरची सगळी दुकानं पालथी घातली आणि माझा जीव खाल्ला. लग्नाच्या दिवशी तिने विचारलं, "मोठ्या ताई दिसत नाहीत कुठे?" नलूताईंनी साडी घेतली, तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मी पोचवते."

खरं काय ते लग्नानंतर हेरंबने सांगितलं. मोठी बहीण होती, तिचं नाव मनवा. हेरंबच्या जन्माआधी काही वर्षं, पाळण्यात असतानाच ती न्यूमोनियाने गेली. आणि तो मामा म्हणजे चांदोमामा, वर आकाशातला चंद्र.

मी आधी हसले. मग साडी आठवली आणि माझं डोकं फिरलं. तशीच स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, "आई, ती साडी कुठे आहे?"

"तळमजल्यावरच्या रुपालीला दिली. मनवाच्याच वर्षाची आहे ती. छान दिसली तिला."

"माझ्या आईवडिलांशी खोटं का बोललात?"

त्यांनी हातातली कोथिंबीर खाली ठेवली. "काय खोटं बोलले ते सांग. धाकटा म्हटलं, तो धाकटा आहे. मामाकडे असते म्हटलं, ती मामाकडे आहे. बोट वर केलं, तो वरच आहे. तुझे वडील वरचा मजला समजले, त्याला मी काय करू?"

मी हात टेकले. नलूताईंपुढे हात टेकणारी मी पहिली नव्हते. फोर्टमधल्या एका विमा कंपनीत त्या टायपिस्ट होत्या, आणि साहेबांनी मजकुरात चूक केली तर ती तशीच टाईप करून वर साहेबांनाच दाखवायला नेणाऱ्या होत्या. उंची बेताची, आवाज मात्र चाळीच्या चारही मजल्यांना पुरणारा. कोणाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही हा त्यांचा स्वभाव. माझाही तसाच, त्यामुळे आमचं सुरुवातीची दोन वर्षं अजिबात पटलं नाही आणि नंतर जे पटलं ते कायमचं पटलं.

आता चंद्र त्यांचा भाऊ कसा, ते सांगते. त्यात वेड वगैरे काही नाही, रीतच आहे. नलूताईंना सख्खा भाऊ नव्हता, दोघी बहिणीच. ज्या मुलींना भाऊ नसतो त्यांनी भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. बहुतेक जणी तबक वर करतात, दोनदा फिरवतात आणि फराळाला बसतात. नलूताईंनी मात्र हे नातं मनापासून घेतलं. बीजेची कोर चौपाटीकडे दिसते न दिसते तोच बुडते, म्हणून दोघी बहिणी परकर सावरत गच्चीवर धावायच्या. "भाऊबीजेला यायचा तो घाईत असायचा," त्या सांगायच्या. "उभ्या उभ्या येऊन जायचा. चहालासुद्धा थांबायचा नाही. कोजागिरीला मात्र मुक्कामाला यायचा." बाकीच्या मुलींचे भाऊ ओवाळणीत रुपया टाकायचे, रिबिनी टाकायचे. यांच्या भावाने कधी काही टाकलं नाही. लहानपणी त्याचा त्यांना फार राग यायचा.

मनवा गेली त्या वर्षी त्यांनी देवाशी बोलणं टाकलं. त्यांच्या सासूबाई पूजा करायच्या आणि या देवघराकडे पाठ करून जेवायच्या. मग कोजागिरी आली. त्या दिवशी आश्विनी असते, म्हणजे आईने आधी चंद्राला आणि मग आपल्या पहिल्या मुलाला ओवाळायचं. ज्येष्ठ अपत्याचा तो दिवस. चाळीतल्या सगळ्या थोरल्या मुलांना नवे कपडे घालून गच्चीवर पाटावर बसवलं होतं. नलूताई खोलीत बसून होत्या. त्यांच्या सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "तू कशाला येतेस वर? तुझी कोणाची आश्विनी! होईल पुढच्या वर्षी एखादं. गेलेलं मोजायचं नसतं."

गेलेलं मोजायचं नसतं. हे वाक्य त्यांच्या असं जिव्हारी लागलं की सगळी चाळ दूध पिऊन झोपल्यावर त्या एकट्या गच्चीवर गेल्या. प्रार्थना करायला नव्हे, भांडायला गेल्या. हे त्यांनी मला स्वतः सांगितलंय, आणि सांगताना त्यांचा आवाज चढला होता.

"मी त्याला म्हटलं, मेल्या, इतकी वर्षं ओवाळलं तुला. एकदा तरी ओवाळणी टाकलीस? दोनदा शिव्या दिल्या. मग तीनदा. ढग आला की वाटायचं, पळाला. पण ढग गेला की हा आपला तिथेच. रात्रभर मी बोलत होते आणि तो ऐकत होता. अगं, माझं तोवर कोणी इतकं ऐकून घेतलं नव्हतं. सासूबाई म्हणायच्या पुरे, आई म्हणायची विसर, हे ऑफिसला निघून जायचे. आणि हा एक टक लावून बसलेला."

"मग?"

"मग काय. कोजागिरीला लक्ष्मी खाली उतरते आणि विचारते ना, कोण जागं आहे? त्या रात्री अख्ख्या गिरगावात जागी कोण होती? मी! मग माझ्याकडेच आली असणार ती. दुसरीकडे जाईल कुठे? मी तिला म्हटलं, धन नको मला. माझी पोर मोज. आणि भावाला म्हटलं, ती तुझ्याकडे आलीय, मामा आहेस तिचा, नीट सांभाळ. हीच माझी ओवाळणी."

"आणि काही उत्तर मिळालं?"

"उत्तर कशाला हवं? मी काय अर्ज केला होता?" त्या माझ्यावरच उखडल्या. "सकाळी खाली आले, आंघोळ केली आणि सासूबाईंच्या हातातून पूजेची थाळी काढून घेतली. त्या दिवसापासून आजवर देवाची पूजा चुकवली नाही. इतकं ऐकून घेणारा कोणी असतो वर, हे कळल्यावर चुकवायची कशी?"

त्यांची श्रद्धा ही अशी भांडणातून आलेली. मला ती फार आवडते, आणि तिची किंमत काय होती तेही मला माहीत आहे. ती किंमत माझ्या नवऱ्याने भरली. हेरंब झाल्यावर सगळे म्हणाले, आता हाच मोठा, याची आश्विनी कर. नलूताई म्हणाल्या, "हा धाकटा आहे. मोठी वर आहे." दरवर्षी कोजागिरीला त्या तबक चंद्राकडे धरायच्या आणि तिथेच थांबायच्या. चाळीतली सगळी थोरली मुलं पाटावर बसलेली, ओवाळून घेतायत, खिशात नोटा कोंबतायत. आणि घरात दुसरं भावंड नसलेला हा मुलगा कडेला उभा राहून बघतोय. मला विचाराल तर हा अन्याय होता. मी आईंना तोंडावर तसं म्हटलंय. त्या म्हणाल्या, "त्याला वाढदिवस आहे, पाडवा आहे, रोजचा दिवस आहे. तिला वर्षातली एक रात्र." हेरंबला हे उत्तर कधी पटलं नाही. बहिणीचं नाव निघालं की तो चपला घालून खाली जायचा.

दोन वर्षांपूर्वी मला दिवस गेले होते. उशिराच गेले, म्हणून जपणूक जरा जास्तच. हेरंबने पाळणासुद्धा ठरवून ठेवला होता. आठव्या महिन्यात एका सकाळी मला पोटात हालचाल जाणवेना. बाळ आतच गेलं होतं. प्रसूती मात्र बाकीच्यांसारखीच व्हावी लागते, हे मला तेव्हा कळलं.

भेटायला येणारी माणसं चांगलीच होती. सगळे चांगल्या मनाने जे बोलायचं ते बोलले. वय आहे अजून. देवाने लवकर सोडवलं. पुढचं नीट होईल. माझ्या आईने तर बजावलं, हे कुठे बोलत बसू नकोस, पहिलं असं झालं म्हणून सांगायचं नसतं. सगळ्यात शेवटी नलूताई आल्या. पर्स मांडीवर घेऊन खाटेवर बसल्या आणि विचारलं, "मुलगा की मुलगी?"

तोवर हे कोणीच विचारलं नव्हतं. "मुलगी," मी म्हटलं.

"केस होते?"

"होते. खूप."

"मनवाला नव्हते. अगदी टकली होती." मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मी पहिल्यांदा धड रडले.

हेरंब रडला नाही. त्याने पाळण्याची ऑर्डर रद्द केली, माझ्या दवाखान्याच्या फाईली माळ्यावर टाकल्या आणि तो विषय बंद केला. एकदा मी आत पोळ्या करत होते, तेव्हा बाहेर तो आईला सांगत होता. "आई, एक जण आयुष्यभर डोक्यावर बसलीय, ती पुरे. रश्मीला या फंदात ओढू नकोस. आम्हाला मूल झालेलं नाही. विषय संपला."

आम्हाला मूल झालेलं नाही. पोळी तव्यावर करपली आणि मी तशीच उभी राहिले. मला कोणाकडून सहानुभूती नको होती. मला एवढंच हवं होतं की कोणीतरी म्हणावं, या दोघांना एक मुलगी झाली होती. आणि ते हेरंबने म्हणावं. त्याच्याखेरीज कोणी म्हटलं असतं तर मला पुरलं नसतं.

त्याच वर्षी कोजागिरीला चंद्रग्रहण आलं. ग्रहण मध्यरात्रीनंतरचं, पण वेध दुपारपासूनच. चाळ कमिटीचे शामराव यांनी ग्रुपवर मेसेज टाकला: यंदा कोजागिरीचा कार्यक्रम रद्द, गच्ची बंद राहील, वेधकाळात सर्वांनी घरात बसून नामस्मरण करावे. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मी तो मेसेज आईंना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पदर खोचला आणि त्या थेट शामरावांच्या दारात गेल्या. मीही मागोमाग गेले, कारण असला सीन चुकवण्याइतकी मी सोवळी नाही.

"शामराव, किल्ली द्या गच्चीची."

"नलूवहिनी, शास्त्र आहे. ग्रहणात चंद्र बघायचा नसतो. संकट असतं त्याच्यावर."

"तेच म्हणतेय मी. तुमच्या भावाची बायपास झाली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"के.ई.एम.ला. तीन रात्री बाहेर बाकड्यावर बसून काढल्या."

"का? घरात दार लावून नामस्मरण करायचं होतं."

"वहिनी, तो भाऊ आहे माझा!"

"आणि हा माझा आहे," नलूताई म्हणाल्या. "भावावर संकट आलंय म्हणता आणि बहिणीला सांगता, दार लावून बस? कुठल्या शास्त्रात लिहिलंय हे? बाकी वर्षी तो गोरागोमटा, दुधात बघायला सगळे हजर. आज त्याला डाग पडणार तर एकालाही नको. मी जाणार."

शामरावांनी किल्ली मात्र दिली नाही. कमिटीचा ठराव आहे म्हणाले. आईंनी खोलीत येऊन निमूटपणे दूध तापत ठेवलं. वेधात दूध तापवतायत म्हणून मी बघत राहिले, तर त्यांनी वर तुळशीचं पान टाकलं. "तुळशीशी माझं भांडण नाही," त्या म्हणाल्या. हेरंबने हे सगळं पाहिलं, "मला यात घेऊ नका," म्हणाला आणि आतल्या खोलीत जाऊन दार ओढून घेतलं.

रात्री उशिरा दारावर टकटक झाली. शामरावांची बायको, राधाबाई, बाहेर उभी. ती बाई चाळीत कोणाशी चढ्या आवाजात बोललेली मी ऐकलेली नाही. तिने पदराखालून गच्चीची किल्ली काढून आईंच्या हातावर ठेवली. "हे झोपलेत," ती म्हणाली. "वर माझीही एक वात लावा. कोणाची ते विचारू नका."

आईंनी विचारलं नाही. तबकात तिसरी वात ठेवली. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की त्यांनी दोन वाती आधीच करून ठेवल्या होत्या. एक मनवाची. दुसरी कोणाची, हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गच्चीवर आम्ही दोघीच. एरवी तिथे दुधाचं पातेलं, पोरांच्या भेंड्या, सतरंजीवर जागेसाठी भांडणं. आता आजूबाजूच्या टॉवरच्या खिडक्यासुद्धा बंद होत्या. चंद्र डोक्यावर, भरलेला, आणि त्याच्या शेजारी एक ठसठशीत तेजस्वी ठिपका. मी सहज म्हटलं, "आई, तो गुरू आहे. पेपरात आलं होतं."

"असेल. मी कुठे म्हटलं ती मनवा आहे?" त्या फणकारल्या. "माणूस गेलं की तारा होतो हे पोरांना सांगायचं असतं. माझी पोर तारा नाही. माझी पोर आहे ती. फक्त तिच्या मामाकडे आहे."

मग ग्रहण लागलं. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर दिसेल. प्रत्यक्षात चंद्राची खालची कड जरा काळवंडली, नखाने कुरतडल्यासारखी. एवढ्यासाठी अख्ख्या शहराने दारं लावून घेतली होती. नलूताई मात्र गंभीर होत्या. त्यांनी मान वर करून हाक मारली, "आहे रे मी. घाबरू नकोस." त्या क्षणी मला कळलं की ही बाई खेळ करत नाहीये. तिचं खरोखर कोणीतरी ऐकतंय. आणि मलाही वाटायला लागलं की वर नुसता दगड नाही. मला ते कोणाला पटवून द्यायचं नाही, पण तसं वाटलं, आणि अजून वाटतं.

वाऱ्याने वात लागेना. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि हेरंब वर आला. बनियनवर, डोळे लाल, झोपलेला नव्हताच. "आई, खाली चल. रश्मी, तू पण. तमाशा पुरे झाला."

"मला ओवाळू दे, मग येते."

"कोणाला ओवाळतेस?" तो एकदम ओरडला. मी त्याला असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "मी होतो ना इथे! दरवर्षी इथे, या टाकीपाशी उभा असायचो. एकदा तरी मला ओवाळायचं होतंस, आई. एकदा!"

मला वाटलं, आता आई उसळणार. त्यांनी तबक टाकीच्या कठड्यावर ठेवलं. "तुला ओवाळलं असतं ना हेरंब, तर त्या दिवशी ती खरी मेली असती," त्या म्हणाल्या. "सगळे टपून बसले होते, मी तुला मोठा म्हणते कधी. मला दोघं हवे होते रे. तुझ्या वाटचं मी काढून तिला दिलं. तुझ्यावर अन्याय होतोय ते दिसत होतं मला. तरी केला. आज पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा करेन, आणि तू माझ्यावर चिडलास तर ते तुझं बरोबर असेल."

मग आईंनी हाताचा आडोसा करून तिन्ही वाती पेटवल्या, मनवाची वात ओवाळली, राधाबाईची ओवाळली, आणि तबक माझ्या हातात दिलं.

मी तबक धरलं आणि माझे हात वर जाईनात. इतकी वर्षं या बाईचं बघून मला वाटत होतं की हे सोपं आहे, नुसता हट्ट लागतो. पण त्यांची मनवा बारशाला मांडीवर झोपली होती, तिला नाव होतं, ती रडली होती. माझ्या मुलीचा आवाजसुद्धा कोणी ऐकला नव्हता. मी कोणाच्या जोरावर हात वर करू? मी हेरंबकडे वळले.

"तिला केस होते," मी म्हटलं. "तू बघितलेस का रे?"

"बघितले," तो म्हणाला. "नर्सने बाहेर आणलं होतं तिला. हातात घेतलं मी. नाक तुझ्यासारखं होतं."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर ती झाली असती ना."

मला त्याला मारावंसं वाटलं आणि जवळ घ्यावंसंही वाटलं, पण हातात पेटलेलं तबक होतं. तेवढ्यात खालून, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून शामरावांचा आवाज आला. गच्चीवरचा उजेड त्यांना दिसला असावा. "कोण आहे रे वर? ग्रहण चालू आहे! कसला दिवा तो?"

नलूताईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. हेरंबने हाताने त्यांना थांबवलं. तो कठड्यापाशी गेला, वाकला आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मी हेरंब आहे, शामकाका. आमच्या मोठीची आश्विनी चाललीय. यायचं असेल तर वर या."

मी तबक वर उचललं.